व्यालेल्या गाईचें पोषण व पुढील वेत

दानशूर व्यापारी, बागाईतदार व आश्रयदाते यांस सविनय निवेदन.

दुष्काळांत गुरें वांचविणें हें पुण्यकर्म आहे, हें आपणांस सांगणें नलगे. सन १९७२ चा दुष्काळ वडील मंडळींच्या स्मरणांत आहे. सन २०१२-१३ व २०१८-१९ सालीं महाराष्ट्राच्या अवर्षणग्रस्त तालुक्यांत पुनः गुरांच्या छावण्या उघडाव्या लागल्या. छावणीनें जनावराचा जीव वांचतो. परंतु वांचलेली गाय पुढें वर्षभर गाभणच राहिली नाहीं, तर शेतकऱ्याचा संसार वांचला असें म्हणतां येत नाहीं. असें कां होतें व त्यावर उपाय कोणता, हें येथें थोडक्यांत मांडीत आहोंत.

गाय सुमारें २८० दिवस गाभण असते. वर्षास एक वेत मिळावें तर व्याल्यापासून ८५ दिवसांचे आंत ती फळली पाहिजे. त्यांतील पहिले सुमारें ४० दिवस गर्भाशय पूर्वस्थितीस येण्यांत जातात. माज सुमारें २१ दिवसांनीं येतो. म्हणजे उरलेल्या मुदतींत संधि दोनच. नेमक्या याच काळांत दूध शिखरास पोहोंचतें. गाईची भूक मात्र पुरी खुलण्यास दहा-बारा आठवडे लागतात. व्यापाऱ्याचे भाषेंत बोलावयाचें तर जमेहून खर्च अधिक होतो व गाय भांडवल मोडून, म्हणजे अंगची चरबी झिजवून, दूध देते.

ही तूट थोडी असली तर निभते. ती फार वाढली म्हणजे रक्तांतील साखर उतरते, मेंदूकडून अंडाशयास मिळणारे संकेत मंदावतात व स्त्रीबीज पक्व होत नाहीं. मग माज येत नाहीं, किंवा मुका माज येऊन निघून जातो व मालकास कळत नाहीं. स्त्रीबीजाच्या वाढीस अनेक आठवडे लागतात. म्हणून पहिल्या महिन्यांतील उपासमार तिसऱ्या महिन्यांत, रेतन वायां गेल्यावर, दिसूं लागते.

उरुळीकांचन येथें मणिभाई देसाई यांनीं सन १९६७ सालीं स्थापिलेल्या संस्थेनें संकरित गाईंचा प्रसार केला व अनेक घरीं दुधाचा पैसा आला. पण अधिक दुधाच्या गाईस तूटही अधिक सोसावी लागते. इंद्रायणीकांठचें निघोजे (ता. खेड) आज चाकणच्या औद्योगिक पट्ट्यांत मोडतें. जमिनी कारखान्यांकडे गेल्या. ज्यांनीं गाई राखल्या त्यांस चारा विकत घेणें भाग पडतें. येथें पाऊस झाला तरी अन्यत्र कडबा महागला कीं त्याची झळ या गोठ्यांसही लागते. पिंपरी-चिंचवडची पेठ जवळ असल्यानें दूध काढणें थांबत नाहीं. आंखडतो तो दाणा.

टंचाईंत ऊस व उंसाचे वाढे हाच मुख्य चारा होतो. त्यानें पोट भरतें, परंतु वाढ्यांत प्रथिनें थोडीं, आणि त्यांतील ऑक्झॅलेट चुन्याचा अंश बांधून ठेवितें. म्हणून जोडीस पेंड व खनिज मिश्रण अवश्य पाहिजे.

दहा लिटर दुधाच्या संकरित गाईस अंगपोषणास सुमारें दीड किलो, व दर अडीच लिटर दुधामागें एक किलो, असें सुमारें साडेपांच किलो पशुखाद्य रोज लागतें. शिवाय हिरवा व वाळला चारा आणि ५० ग्रॅम खनिज मिश्रण. व्याल्यानंतर हें पशुखाद्य दोन-तीन आठवड्यांत हळूहळू वाढवावें. एकदम घातल्यास पोटांत आंबट होऊन गाय खाणें सोडते. शंभर दिवसांचा हिशेब साडेपांच क्विंटल पशुखाद्य व पांच किलो मिश्रण इतका होतो. उलट एक माज हुकला कीं तीन आठवड्यांचा खर्च वाढतो, व पुढील वेत तितकेंच लांबतें.

म्हणून आमची विनंति अशी कीं, पहिला पाऊस पडतांच छावणीबरोबर मदतीचा हातही आंखडूं नये. व्यापारी बंधूंनीं सरकी पेंड व खनिज मिश्रण द्यावें. बागाईतदारांनीं कांहीं गुंठे मका अथवा लसूणघास राखून ठेवावा. आणि ही मदत नुकत्याच व्यालेल्या गाईंस प्रथम, शंभर दिवसपर्यंत, मिळावी. एका गाईचा हा भार ज्यानें उचलला, त्यानें एका कुटुंबाचें पुढील वर्षाचें दूध राखिलें असें आम्ही समजूं.