दुसरीकडची कंडरा म्हणजे कुणाची?

आमचे काका बसवकल्याणच्या मोंढ्यात हमाली करायचे. दोन वर्षांपूर्वी तुरीचं पोतं उचलताना उजव्या खांद्यात कटकन् काहीतरी तुटलं. "मुका मार आहे, जाईल," म्हणत त्यांनी तेल चोळलं. आता कंगवा फिरवायचा तर डाव्या हाताने उजवा हात वर धरावा लागतो. परवा एमआरआय बघून डॉक्टर म्हणाले, "कंडरा शिवण्यासारखी राहिली नाही, दुसरीकडची आणून बसवावी लागेल." घरात सगळे गप्प. दुसरीकडची म्हणजे कुणाची? म्हणून मी वाचायला बसले.

कंडरा म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी. खांद्यात चार स्नायूंच्या कंडरा मिळून हाडाच्या गोळ्याभोवती एक बाही तयार होते. तिलाच रोटेटर कफ म्हणतात. गोळा उथळ खोबणीत नीट धरून ठेवणं हे तिचं काम. ती फाटून तशीच राहिली, तर स्नायू आखडतो आणि त्यात चरबी भरत जाते. मग कंडरा ओढूनही जागेवर पोचत नाही, आणि शिवली तरी टिकत नाही.

अशा वेळी आपल्याच अंगातला धडधाकट स्नायू कामाला लावतात. पाठीवरच्या रुंद स्नायूची कंडरा दंडाच्या हाडापासून सोडवून वर, फाटलेल्या जागी बसवतात. त्याची नस आणि रक्तवाहिनी जपतात. खांद्याच्या अशा फाटीसाठी ही पद्धत स्वित्झर्लंडच्या ख्रिश्चन गर्बर यांनी १९८८ मध्ये मांडली.

कल्पना मात्र त्याहून जुनी आहे. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात डॉ. पॉल ब्रँड यांनी १९४८ पासून कुष्ठरोग्यांच्या आखडलेल्या बोटांसाठी हेच तत्त्व वापरलं. हाताचा शाबूत स्नायू घ्यायचा आणि बोटांना जोडायचा. मिटलेले हात पुन्हा कामाला लागले.

पण ऑपरेशन म्हणजे अर्धंच काम. साधारण सहा आठवडे हात आधारात, मग कित्येक महिने फिजिओथेरपी. जो स्नायू जन्मभर हात खाली ओढत आला, त्याला आता वर उचलायला मदत करायची, हे मेंदूला शिकवावं लागतं. सांधा झिजलेला असेल तर हा उपाय चालत नाही. वयस्कर माणसांना बहुधा कृत्रिम सांधा सुचवतात.

काकांनी एकच विचारलं, "पोतं उचलता येईल का?" बहुधा नाही. दुखणं कमी होईल, कंगवा फिरेल, पण पूर्वीची ताकद येत नाही. वेळेत दाखवलं असतं, तर कदाचित नुसती शिवूनही भागलं असतं.

म्हणून तुमच्या घरात कुणाचा हात झटका बसून अचानक वर जाईनासा झाला, तर तेल चोळत महिने घालवू नका. त्याच आठवड्यात हाडांच्या डॉक्टरांकडे न्या.