वस्तू जपा, घडवणाऱ्याचे नावही जपा

'बूमरँग' हा शब्द आपण डाव उलटला की सर्रास वापरतो. पण बूमरँग हे मुळात ऑस्ट्रेलियातील आदिवासींचे शिकारीचे हत्यार. शिकारीचे बूमरँग जड असे व ते बहुधा परत येत नसे. परत येणारे हलके असते. त्याच्या दोन्ही बाहूंना पंखासारखा उतार दिलेला असतो. गरगर फिरताना वरच्या बाहूला हवेचा रेटा जास्त मिळतो, म्हणून ते वळत वळत माघारी येते. झाडाचा मुळातला बाक पाहून ते घडवतात, त्यामुळे हाताने केलेले एक बूमरँग दुसऱ्यासारखे नसते. त्यावरच्या कोरीव नागमोडी रेषा आणि गेरूचा रंग यांमुळे जगभरचे संग्राहक जुनी बूमरँग शोधत असतात.

आपल्या देशालाही हे हत्यार परके नाही. तामिळनाडूत चंद्रकोरीच्या आकाराची 'वळरी' होती. गुजरातेतील कोळी लोकही शिकारीला अशीच वाकडी फेककाठी वापरीत.

संग्राहकाला वस्तू मिळते, दुकानदाराला नफा मिळतो. पण घडवणाऱ्याचे काय? हा प्रश्न बिल ओनस (१९०६-१९६८) या आदिवासी कार्यकर्त्याने हाती घेतला. १९५२ साली त्यांनी मेलबर्नजवळ बेलग्रेव्ह येथे हस्तकलेचे दुकान काढले. रंगवलेली बूमरँग तेथे विकली जात आणि आदिवासी तरुणांना काम मिळे. ओनस स्वतः बूमरँग फेकण्यात पटाईत होते. दुकानाबरोबर त्यांची चळवळही चालू होती. आदिवासींना देशाच्या जनगणनेत मोजावे यासाठी २७ मे १९६७ रोजी सार्वमत झाले, त्याच्या प्रचारात ते आघाडीवर होते. नव्वद टक्क्यांहून अधिक मते बाजूने पडली. ज्यांच्या हातची कला घरोघरी टांगली जात होती, त्यांची माणूस म्हणून गणती व्हायला एवढा काळ जावा लागला!

फसवणूक मात्र थांबलेली नाही. इंडोनेशियात बनवलेली बूमरँग व अन्य वस्तू आदिवासींनी घडवल्याचे भासवून विकल्याबद्दल २०१९ साली तेथील न्यायालयाने एका कंपनीला २३ लाख ऑस्ट्रेलियन डॉलर दंड ठोठावला.

आपल्याकडे रोजच्या वापरातील देखण्या वस्तूंचा मोठा संग्रह पाहायचा तर पुण्याच्या शुक्रवार पेठेतील राजा दिनकर केळकर संग्रहालयात जावे. दिनकर केळकर (१८९६-१९९०) यांनी गावोगाव फिरून अडकित्ते, दिवे, वज्र्या, फण्या, कुलपे जमवली. अकाली गेलेल्या राजा या मुलाचे नाव त्यांनी संग्रहाला दिले आणि १९७५ साली तो महाराष्ट्र शासनाच्या हवाली केला. वीस हजारांवर वस्तू त्यात आहेत. अशा घरगुती वस्तूंवर घडवणाऱ्याचे नाव मात्र सहसा कोरलेले नसते. लोहार, सुतार, तांबट राबले आणि नाव न ठेवता गेले.

मोठे संग्रहालय उभारणे आपल्या आवाक्यात नाही, पण घरातली वस्तू जपणे नक्कीच आहे. आमच्या पूनम सागरमध्ये रंगकाम निघाले की माळ्यावरची काठवट, वेताची टोपली, आजोबांची हलगी भंगारात जाते. आजीची गोधडी फरशी पुसायला निघते. माता-भगिनींना विनंती, वस्तू टाकण्यापूर्वी घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा: ही कोणी केली? कोणत्या गावी? केव्हा? मिळेल ती माहिती जाड कागदावर लिहून सुती दोऱ्याने वस्तूला बांधा. लाकडाला चकचकीत रंग फासू नका, मूळ खुणा झाकल्या जातात. मिरा रोडच्या दमट हवेत प्लॅस्टिकच्या पिशवीत बुरशी धरते, तेव्हा सुती कापडात गुंडाळा आणि पावसाळ्यानंतर वारा लागू द्या.

हे काम मुलांना सोबत घेऊन करा. आपल्या आजीने किती टाके घातले आणि आजोबांच्या हाताला कोणते कसब होते, हे त्यांना कळले पाहिजे. सांगणारी माणसे आहेत तोवरच हे लिहून होईल.