चार्जिंगची शिदोरी

परदेशी जायचं ठरलं की आपल्या घरांतून महिनाभर आधीच धांदल सुरू होते. भाजणी, मेतकूट, गोडा मसाला, लेकीचं बाळंतपण असेल तर डिंकाचे लाडू... बॅग वजनकाट्यावर चार वेळा चढते नि चार वेळा उतरते. स्वेटर कोणता, बूट कोणते, औषधांची चिठ्ठी घेतली का, सगळ्याचा विचार होतो. आणि अगदी निघायच्या रात्री कुणीतरी विचारतं, ‘अगं, मोबाइलचा चार्जर घेतलास ना?’ मग बोर्डाला लावलेला चार्जर ओढून काढायचा आणि बॅगेच्या कुठल्यातरी कप्प्यात कोंबायचा. झाली तयारी!

पूर्वी हे चालून गेलं असतं. पण आता मोबाइल म्हणजे नुसता फोन राहिलेला नाही. विमानाचं तिकीट त्यात, लेकीचा पत्ता त्यात, हॉटेलचं बुकिंग त्यात, रस्ता दाखवणारा नकाशा त्यात आणि बँकेचा ओटीपी येणार तोही त्यातच. परक्या देशात तो बंद पडला तर आपली वाचाच गेली म्हणायची. तरीही ‘माझा फोन जरा चार्जिंगला लाव रे’ असं मुलाला किंवा ‘अहों’ना सांगण्यापलीकडे आपण बायका या विषयात फारसं डोकं घालत नाही. मिक्सरचा आवाज बदलला तर आपल्याला लगेच कळतं, पण चार्जरवर काय लिहिलंय ते वाचायला मात्र आपण घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी हाक मारतो!

आमच्या भागातल्या ज्येष्ठ महिलांच्या गटाचं काम मी करते. गटातल्या एक काकू लेकीच्या बाळंतपणासाठी एकट्याच अमेरिकेला निघाल्या. वाटेत विमान बदलायचं होतं. पहिल्या विमानाला उशीर झाला, पुढचं चुकलं आणि मधल्या विमानतळावर त्यांना नऊ तास बसावं लागलं. फोनमध्ये चार टक्के उरलेले. चार्जर पर्समध्ये होता, पण अडॉप्टर मोठ्या बॅगेत, आणि ती तर सामानात गेलेली. तिकडे नववा महिना लागलेली लेक रात्रभर फोन लावत बसलेली. शेवटी शेजारच्या बाकावरच्या एका केरळी नर्सनं स्वतःच्या फोनवरून लेकीला फोन लावून दिला, तेव्हा दोघींचा जीव भांड्यात पडला. परत आल्यावर काकू म्हणाल्या, ‘अगं, इंग्रजी येत नाही याचं मला भय नव्हतं. हातवारे करून सांगता येतं. पण भिंतीतल्या त्या भोकांत माझी पिनच जाईना, तेव्हा मात्र रडू कोसळलं.’ लाखभर रुपयांचं तिकीट, आणि घोडं अडलं कुठं, तर दोनशे रुपयांच्या अडॉप्टरपाशी!

तेव्हापासून गटातली कुणीही परदेशी निघाली की आम्ही तासभर एकत्र बसतो आणि फक्त चार्जिंगवर बोलतो. त्यातलंच थोडं आज तुम्हा मैत्रिणींसाठी.

आधी पिनांचं बघू. आपल्याकडची तीन जाड गोल पिना असलेली पद्धत मुळात इंग्रजांची. ते गेले, पिना इथे राहिल्या! त्यांनी मात्र स्वतःच्या देशात १९४७ मध्ये नवं मानक आणून चपट्या चौकोनी तीन पिना घेतल्या. आज ब्रिटन, दुबई, सिंगापूर, मलेशिया, हाँगकाँग इथे त्याच चालतात. अमेरिका, कॅनडा आणि जपानमध्ये दोन उभ्या चपट्या पट्ट्या असतात. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडमध्ये त्याच पट्ट्या तिरक्या. युरोपातल्या बहुतेक देशांत दोन गोल पिना असतात, त्यामुळे आपला दोन पिनांचा मोबाइल चार्जर तिथे सहसा बसतो, पण लॅपटॉपची तीन पिनांची वायर बसत नाही. म्हणजे मुंबईहून दुबईमार्गे न्यूयॉर्कला जाणाऱ्या बाईला एका प्रवासात तीन तऱ्हेची भोकं भेटणार. म्हणून सगळ्या देशांना चालणारा एकच ‘युनिव्हर्सल अडॉप्टर’ घ्यावा, आणि तो मोठ्या बॅगेत नव्हे, तर पर्समध्ये ठेवावा. काकूंचा धडा तोच.

ब्रिटिश सॉकेटमध्ये आत झडप असते. वरची लांब पिन आत गेली की ती झडप उघडते. काहीजणी वरच्या भोकात पेन घालून झडप उघडतात आणि खाली दोन पिना घुसवतात. आपल्याकडेही हा उद्योग चालतो. कृपा करून तो करू नका. विजेशी खेळ तो खेळच, मग तो लंडनमध्ये करा नाहीतर लातूरमध्ये!

आता व्होल्टचं बघू. हे नीट समजून घ्या, कारण अडॉप्टर फक्त पिनेचा आकार बदलतो, वीज बदलत नाही. आपल्याकडे २३० व्होल्ट, युरोपातही तेवढेच. अमेरिकेत १२० आणि जपानमध्ये फक्त १००. मग आपला चार्जर तिथे चालणार का? उत्तर चार्जरवरच लिहिलेलं असतं. चष्मा लावा आणि ‘इनपुट’ या शब्दापुढचे आकडे वाचा. ‘१००–२४०’ असं असेल तर तो जगात कुठेही चालेल. मोबाइल, कॅमेरा, लॅपटॉप यांचे बहुतेक चार्जर असेच असतात. कानाच्या मशीनचा चार्जर किंवा झोपेत श्वासासाठी लागणारं यंत्र असेल, तर त्यावरचे आकडे मात्र आठवणीनं वाचाच.

पण पाणी तापवायचा रॉड, इस्त्री, मिक्सर यांच्यावर बहुधा फक्त २३० असतं. असा हजार वॅटचा रॉड अमेरिकेत लावला तर व्होल्ट निम्मे झाल्यामुळे उष्णता जेमतेम पाव मिळते. पाणी तापेपर्यंत चहाची वेळ टळून जाईल! उलटी गोष्ट जास्त धोक्याची. लेकीनं तिकडून कौतुकानं पाठवलेला, फक्त १२० व्होल्टचा केस वाळवायचा ड्रायर आपल्याकडे लावला, तर तो जवळपास चौपट वीज खेचतो आणि जळतो. इथे अडॉप्टर कामाचा नाही, वजनदार ट्रान्सफॉर्मर लागतो. त्यापेक्षा अशा वस्तू जिथल्या तिथेच ठेवलेल्या बऱ्या.

आता पॉवर बँक. ही खरी प्रवासातली शिदोरी. पण तिचे नियम कडक आहेत. पॉवर बँक सामानात टाकायच्या बॅगेत चालत नाही, ती हातातल्या बॅगेतच हवी. कारण असं की, लिथियमची बॅटरी क्वचित का होईना, पेट घेते. ती माणसांच्या समोर असेल तर विमानातले कर्मचारी लगेच विझवू शकतात, खाली सामानाच्या कप्प्यात कोण बघणार? आयत्या वेळी विमानाच्या दाराशी तुमची छोटी बॅगही खाली टाकायला मागितली, तर आधी पॉवर बँक काढून घ्या.

ती किती मोठी चालते? मर्यादा १०० वॅट-अवरची. पॉवर बँकेवर एमएएचमध्ये आकडा असतो. त्याला ३.७ नं गुणायचं आणि हजारानं भागायचं. १०,००० एमएएचची पॉवर बँक म्हणजे ३७ वॅट-अवर, २०,००० ची म्हणजे ७४. दोन्ही चालतात. २७,००० च्या पुढे गेलात की मर्यादा ओलांडली, मग विमान कंपनीची परवानगी लागते, आणि १६० वॅट-अवरच्या वर तर परवानगीही मिळत नाही. हा आकडा पुसला गेला असेल तर तपासणीत ती काढून घेतली जाऊ शकते. म्हणून रस्त्यावरची बिननावाची स्वस्त पॉवर बँक घेऊ नका. बीआयएसची खूण असलेली घ्या.

जानेवारी २०२५ मध्ये दक्षिण कोरियात बुसानच्या विमानतळावर एका विमानाला आग लागली, आणि त्यानंतर नियम आणखी आवळले गेले. १ मार्च २०२५ पासून कोरियाने पॉवर बँक डोक्यावरच्या कप्प्यात ठेवायला बंदी केली. सिंगापूर एअरलाइन्सने एप्रिल २०२५ पासून आणि एमिरेट्सने ऑक्टोबर २०२५ पासून विमानात तिचा वापरच बंद केला. चीनने जून २०२५ पासून देशांतर्गत विमानांत त्यांची ठरावीक खूण नसलेल्या पॉवर बँकांना मनाई केली. म्हणून तिकीट काढलं की आपल्या विमान कंपनीचा नियम विचारून घ्यायचा. विमानात तिच्यावर चार्जिंग करता येणार नाही असं धरूनच चाला आणि विमानात बसण्याआधी फोन पूर्ण भरून घ्या.

भरलेल्या फोनचं आणखी एक कारण सांगते. अमेरिकेच्या सुरक्षा यंत्रणेनं जुलै २०१४ मध्ये जाहीर केलं होतं, की परदेशातल्या काही विमानतळांवरून थेट अमेरिकेला येणाऱ्या प्रवाशांना फोन किंवा लॅपटॉप चालू करून दाखवायला सांगितलं जाईल आणि चालू न होणारं यंत्र विमानात नेऊ देणार नाहीत. कुणाचा चार्ज नेमका तिथेच संपला तर?

मुक्कामी पोचल्यावरच्याही काही गमती असतात. अमेरिकेत आणि युरोपात सॉकेटला बहुधा बटण नसतंच. आपण आपले भिंतभर शोधत बसतो! बऱ्याच हॉटेलांत दाराजवळच्या खाचेत कार्ड घातलं तरच खोलीत वीज येते. कार्ड काढून फिरायला गेलात की मागे लावलेलं चार्जिंगही बंद. म्हणून चार्जिंग रात्री झोपण्यापूर्वी आणि सकाळी आवरताना करायचं. खोलीत दोघी-तिघी असाल तर एक अडॉप्टर आणि घरचा छोटा एक्स्टेन्शन बोर्ड पुरतो. पण त्यावर फक्त चार्जरच लावायचे, रॉड नाही.

स्वित्झर्लंडच्या सहलीत युंगफ्राउयोखला जाणार असाल, तर ते स्टेशन ३,४५४ मीटरवर आहे. अशा गारठ्यात बॅटरी बघता बघता उतरते. फोन बाहेरच्या खिशात न ठेवता स्वेटरच्या आत, अंगाच्या उबेत ठेवा, आणि गारठलेला फोन लगेच चार्जिंगला लावू नका. विमानतळावरच्या फुकट यूएसबी खाचांत थेट वायर लावण्यापेक्षा आपला चार्जर भिंतीतल्या सॉकेटला लावावा. अमेरिकेत एफबीआयच्या डेन्व्हर कार्यालयानं एप्रिल २०२३ मध्ये तसा इशाराच दिला होता, कारण त्या वायरीतून माहितीही जाऊ शकते.

एक बरी गोष्ट म्हणजे वायरींचा गुंता आता सुटू लागला आहे. युरोपीय संघानं २८ डिसेंबर २०२४ पासून तिथे विकल्या जाणाऱ्या नव्या मोबाइल, टॅबलेट, कॅमेऱ्यांना एकच यूएसबी-सी खाच सक्तीची केली. आपल्याकडेही बहुतेक नवे फोन त्याच खाचेचे येतात. भिंतीतली भोकं मात्र देशोदेशी वेगळीच राहिली आहेत.

आणि एवढं सगळं करूनही, एक छोटी वही पर्समध्ये हवीच. तीत लेकीचा नंबर, पूर्ण पत्ता, विमानांचे क्रमांक, औषधांची नावं लिहून ठेवायची. अमेरिकेत ९११, युरोपात ११२, हे तातडीचे नंबरही. वहीला चार्जिंग लागत नाही.

आता आमच्या बैठकीत हे सगळं काकूच शिकवतात. परवा एकीनं विचारलं, ‘काकू, एवढं कशाला? जावई घ्यायला येणारच आहेत की!’ काकू म्हणाल्या, ‘येतील ना. पण ते येईपर्यंतचे बावीस तास तुझे तुलाच काढायचेत, बाई.’

तेव्हा मैत्रिणींनो, परदेशी जाणार असाल वा नसाल, आज संध्याकाळी घरातला चार्जर हातात घ्या, चष्मा लावा आणि ती बारीक अक्षरं स्वतः वाचून बघा. मुलाला हाक मारू नका. आणि जाणार असाल, तर लाडवांच्या डब्याआधी पर्समध्ये अडॉप्टर, वायर, चार्जर, पॉवर बँक आणि वही टाका. मग लाडू भरा. तेही हवेतच की!