संग्रह नसलेले कलादालन

दृश्यकलेच्या सार्वजनिक संस्था साधारणपणे दोन प्रकारच्या असतात. पहिल्या प्रकारात संग्रहालय येते, ज्याचे मुख्य काम कलाकृती मिळवणे, जपणे आणि त्यांचा इतिहास सांगणे हे असते. दुसऱ्या प्रकारात अशी प्रदर्शनगृहे येतात, ज्यांच्यापाशी स्वतःच्या मालकीचे फारसे काही नसते आणि ज्यांच्या भिंती ठरावीक मुदतीनंतर रिकाम्या होऊन नव्या कामासाठी मोकळ्या होतात. जर्मन भाषक युरोपात या दुसऱ्या प्रकाराला 'कुन्स्टहाले', म्हणजे कलेचे सभागृह, म्हणतात. नागरिकांच्या कलामंडळांनी उभारलेली अशी सभागृहे बासेल येथे 1872 पासून आणि बर्न येथे 1918 पासून आहेत. महाराष्ट्रात या प्रकाराच्या सर्वांत जवळ जाणारी संस्था म्हणजे मुंबईच्या काळा घोडा परिसरातील जहांगीर कलादालन होय. परभणी जिल्ह्यातील पाथरीसारख्या तालुक्याच्या गावी समकालीन कलेचे केंद्र नाही; त्यामुळे तेथील अभ्यासू प्रेक्षकाला मानवत रोड स्थानकावरून रेल्वेने मुंबई गाठावी लागते, आणि मुंबईत पोहोचल्यावर हे दालन मात्र कोणतेही प्रवेशशुल्क न घेता त्याला आत घेते.

हे दालन 1952 साली सुरू झाले आणि त्याच्या बांधकामाचा खर्च सर कावसजी जहांगीर यांनी दिला. चित्रकार के. के. हेब्बर आणि शास्त्रज्ञ होमी भाभा यांनी या कामासाठी आग्रह धरला होता. त्या काळातील मुंबईची कलासृष्टी लक्षात घेतली, म्हणजे या आग्रहाचे कारण स्पष्ट होते. 1888 मध्ये स्थापन झालेली बॉम्बे आर्ट सोसायटी वार्षिक प्रदर्शने भरवीत होती. 1947 मध्ये सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे आणि बाक्रे यांनी प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप स्थापन केला होता. शिवाय युरोपातून आलेले वॉल्टर लँगहॅमर, रुडॉल्फ फॉन लायडेन आणि एमॅन्युएल श्लेसिंगर हे या तरुणांना मार्गदर्शन, समीक्षा आणि खरेदी अशा तिन्ही वाटांनी बळ देत होते. चित्रकार होते, जाणकार होते, थोडेफार ग्राहकही होते. उणीव होती ती केवळ चित्रांसाठीच बांधलेल्या, सर्वांना खुल्या असलेल्या कायमच्या जागेची.

वास्तुविशारद दुर्गा बाजपेयी यांनी या जागेसाठी केलेली रचना आजही बारकाईने पाहण्याजोगी आहे. शेजारीच जॉर्ज विटेट यांनी आखलेले, घुमट आणि कमानींनी सजलेले वस्तुसंग्रहालय उभे आहे. त्याच्याशी दागिन्यांची स्पर्धा न करता बाजपेयींनी प्रवेशद्वारावर काँक्रीटचे वळणदार छत पुढे काढले. लाटेसारख्या घड्या पडलेले हे छत पदपथावरून चालणाऱ्या माणसाला उन्हापावसात सहज आपल्याखाली घेते आणि त्याच ओघात आतल्या दालनांकडे वळवते. दिखाऊ पायऱ्या आणि उंच जोते टाळल्यामुळे बिचकणाऱ्या माणसालाही उंबरठा ओलांडणे सोपे जाते, आणि नवख्या प्रेक्षकाच्या दृष्टीने ही गोष्ट लहान नव्हे.

दालनाची कार्यपद्धती त्याच्या रचनेइतकीच महत्त्वाची आहे. चित्रकार अर्ज करतो, निवड झाल्यास त्याला प्रतीक्षायादीत स्थान मिळते, अनेकदा काही वर्षे थांबल्यावर त्याचा आठवडा येतो, आणि त्या आठवड्यापुरते तो भिंतींचे भाडे भरतो. प्रदर्शन साधारणपणे मंगळवारी उघडते आणि पुढच्या सोमवारी उतरते. याचा परिणाम असा, की एकाच भेटीत एका दालनात निसर्गचित्रे, शेजारच्या दालनात अमूर्त चित्रे, म्हणजे ओळखीच्या वस्तूंचा आधार न घेता रंग, आकार आणि पोत यांतूनच अनुभव उभा करणारी चित्रे, आणि वरच्या गच्चीवरील दालनात छायाचित्रे पाहायला मिळू शकतात. बऱ्याचदा चित्रकार स्वतः तेथे हजर असतो, त्यामुळे प्रेक्षकाला आपला प्रश्न थेट त्यालाच विचारता येतो.

संग्रह नसल्याचा आणखी एक लाभ असा, की जपणुकीच्या चिंतेतून मोकळी असलेली जागा धाडसी प्रयोगाला वाव देऊ शकते. क्रिस्टो आणि जाँ-क्लोद या कलावंतांनी 1968 मध्ये बर्नच्या कुन्स्टहालेची सबंध इमारतच पॉलिथिनच्या आवरणात गुंडाळली होती. पंढरपूर येथे जन्मलेल्या मकबूल फिदा हुसेन यांनी 1992 मध्ये जहांगीर दालनात 'श्वेतांबरी' सादर केली, तेव्हा दालनात पांढऱ्या कापडाचे लांब पडदे सोडले होते आणि जमिनीवर वर्तमानपत्रांचे कपटे पसरले होते. अशा कामाला मांडणशिल्प म्हणतात. त्यात सुटी वस्तू पाहायची नसते. प्रेक्षक ज्या अवकाशातून चालतो तो सबंध अवकाशच कलाकृती असतो. बर्नमध्ये पॉलिथिनने इमारत बाहेरून झाकली गेली आणि मुंबईत कापडाने दालन आतून भरले. दोन्ही ठिकाणी चौकटीतल्या चित्राची सवय झालेल्या प्रेक्षकाला आपण नेमके काय पाहतो आहोत, हे नव्याने ठरवावे लागले.

या मोकळेपणाचे मोल कळण्यासाठी पाथरीच्याच इतिहासातला एक धागा उपयोगी पडतो. अहमदनगरच्या निजामशाहीच्या मूळ पुरुषाचे पूर्वज पाथरीचे कुलकर्णी होते, असे फिरिश्ता हा इतिहासकार सांगतो, आणि म्हणूनच बुऱ्हाण निजामशहाने हा परगणा वऱ्हाडच्या इमादशाहीकडून मिळवण्याचा हट्ट धरला. याच घराण्यातील हुसेन निजामशहाच्या गौरवासाठी आफताबी या कवीने रचलेले 'तारीफ-ए-हुसेनशाही' हे सचित्र हस्तलिखित पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात आहे आणि दख्खनी चित्रशैलीच्या सर्वांत जुन्या नमुन्यांत त्याची गणना होते. त्यातील चित्रकारांची नावे कोणाला ठाऊक नाहीत, आणि अनेक चित्रांतील राणी खुंझा हुमायूनची आकृती पुढे पुसून टाकण्यात आली. चित्र आश्रयदात्याच्या मालकीचे असले, की चित्रकाराचे नाव आणि चित्राचे आयुष्य दोन्ही दुसऱ्याच्या मर्जीवर राहतात. जहांगीर दालनात दाता इमारत देऊन बाजूला झाला, आणि दारावरच्या फलकावर दर आठवड्याला नाव झळकते ते चित्रकाराचेच.

तथापि भाडे हाही एक उंबरठाच आहे. मराठवाड्यातील विद्यार्थी शाळेत एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षा देतो, पुढे जमल्यास छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कला महाविद्यालयात जातो. पण चौकटी, वाहतूक, मुंबईतील मुक्काम आणि दालनाचे भाडे यांचा मेळ घालणे त्याच्या कुटुंबाला सहसा झेपत नाही. कला संचालनालयाचे राज्य कला प्रदर्शन आणि नवोदितांसाठी भरणारा दालनाचा मान्सून शो या वाटांनी हा अडसर काही प्रमाणात दूर होतो, पूर्णपणे नव्हे.

बासेल आणि बर्न ही मोठी महानगरे नव्हेत, तरीही तेथील नागरिकांनी आपापल्या गावात कलेला भिंती दिल्या. जहांगीर दालनाकडून तालुक्याच्या गावांनी घ्यावा असा धडा तोच आहे. मोलाच्या संग्रहाची वाट न पाहता चांगल्या उजेडाची एक खोली, निवड करणारी निःपक्षपाती समिती आणि ठरलेल्या मुदतीने बदलणाऱ्या भिंती एवढ्या भांडवलावर कलाकेंद्र सुरू होऊ शकते. आणि असे केंद्र पाथरीत झाले, तर तेथील मुलाला चित्र पाहण्याची सवय मुंबईची गाडी पकडण्याच्या कितीतरी आधीच लागेल.