बर्गे घातल्यावरची नदी

साका तपकिरी बसला की जिवात जीव येतो. काचेची 300 मिलिलिटरची बाटली, एकही बुडबुडा न राहू देता नदीच्या पाण्याने काठोकाठ भरलेली. तिच्यात पिपेटने मँगनीज सल्फेट आणि मग आयोडाइड-अझाइडचं द्रावण सोडायचं, बूच दाबून बाटली उलटसुलट करायची. पाण्यात ऑक्सिजन विरघळलेला असेल तर तळाशी तपकिरी साका बसतो. अजिबात नसेल तर तो पांढराच राहतो. टायट्रेशन करून नेमका आकडा प्रयोगशाळेत निघतो, पण नदीची तब्येत काठावरच कळलेली असते.

प्रयाग चिखलीच्या संगमावर, कोल्हापूरच्या वरच्या अंगाला, रंग गडद येतो. पंचगंगेची ही तुलनेची बाटली. खाली जयंती आणि दुधाळी नाल्यांतून शहराचं सांडपाणी येतं. कसबा बावड्याचं प्रक्रिया केंद्र रोज 7 कोटी 60 लाख लिटर क्षमतेचं आहे; पण उपशाचा पंप थांबला की नाला थांबत नाही, तो थेट नदी गाठतो.

नाला मिसळल्यावर काय होईल, याचं गणित सोपं आहे. समजा, नदीचे नऊ भाग, बीओडी (घाण पचवायला जीवाणूंना लागणारा ऑक्सिजन) लिटरला 3 मिलिग्रॅम; नाल्याचा एक भाग, बीओडी 120. मिसळलेल्या पाण्याचा बीओडी 14.7. उन्हाळ्यात नदी नऊऐवजी दोनच भाग उरली, तर तोच नाला तिला 42 वर नेतो. आंघोळीच्या पाण्यासाठी मर्यादा आहे 3. म्हणून नुसता नाला मोजून भागत नाही, त्या दिवशी नदी किती वाहते आहे तेही मोजावं लागतं.

आणि तरीही नाल्याच्या तोंडापासून थोडं खाली घेतलेल्या बाटलीत साका बऱ्यापैकी तपकिरी दिसू शकतो. घाण खायला जीवाणूंना वेळ लागतो. ऑक्सिजनचा तळ गाठला जातो तो काही मैल पुढे. अमेरिकेतल्या ओहायो नदीवर काम करून स्ट्रीटर आणि फेल्प्स यांनी 1925 साली ही घसरण समीकरणात मांडली. इथे तिचा माग काढत राजाराम, रुई असं बंधाऱ्या-बंधाऱ्याने खाली उतरायचं.

बंधारे इथे फार महत्त्वाचे. पावसाळा सरला की कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांत बर्गे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, घालतात. शेतीला पाणी मिळतं, ते हवंच. पण नदीचं तळं होतं. खळखळ नाही म्हणजे हवेतून नवा ऑक्सिजन फारसा मिसळत नाही, गाळ तळाशी बसून कुजतो, वर जलपर्णी पसरते. शहराची घाण अजून पचलेली नसते, तोच इचलकरंजीचा काळा ओढा येऊन मिळतो. त्याखालच्या तेरवाडच्या बंधाऱ्यावर साका फिका पडलेला पाहिला की शिरोळ तालुक्यातल्या पुढच्या गावांची काळजी वाटते. नदी त्यांचीही आहे.

ऑक्सिजनची बाटली सगळं सांगत नाही. 2012 च्या उन्हाळ्यात इचलकरंजीत काविळीची साथ आली, माणसं दगावली. दूषित पाण्यातून पसरणारा विषाणू या साक्यात दिसत नाही. म्हणून निर्जंतुक बाटलीत आणखी एक नमुना घ्यायचा आणि बर्फात ठेवून त्याच दिवशी प्रयोगशाळेत पोचवायचा.

नमुना घेण्याची वेळही फसवते. दुपारच्या उन्हात शेवाळ ऑक्सिजन सोडतं; रात्री तेच तो वापरतं. दुपारी दोनला ठीक दिसलेलं पाणी पहाटे माशांचा जीव घेऊ शकतं. कार्यालयीन वेळेत भरलेल्या बाटल्यांवर नदीचा निकाल लावणं मला मान्य नाही. सूर्योदयाआधी काठावर उतरायला हवं, आणि नोंदवहीत आकड्याशेजारी वेळ नि बंधाऱ्याला बर्गे आहेत की नाहीत, हेही लिहायला हवं.

सगळ्यात जपायचा दिवस वळवाचा. पहिल्या जोरदार पावसाने तळाचा कुजका गाळ ढवळला जातो, बर्गे काढले की तो एकदम खाली सुटतो आणि उरलासुरला ऑक्सिजन खाऊन टाकतो. मेलेले मासे काठाला लागल्याची बातमी आल्यावर निघालं, तर ते पाणी पुढे कृष्णेकडे गेलेलं असतं. म्हणून मे महिन्यात आभाळ भरून आलं की बाटल्या धुऊन, द्रावणं ताजी करून पेटी तयार ठेवायची.