‘चष्मा घरी राहिला’ म्हणणारा सहकारी

पाथर्डीच्या बाजारपेठेतल्या एखाद्या पतसंस्थेत किंवा आजूबाजूच्या गावातल्या दूध संकलन केंद्रावर असा एखादा माणूस असू शकतो. सभासदांना तो चेहऱ्याने, गावाने, भावकीने ओळखतो. कुणाचा हप्ता थकला, कुणाची गाय आटली, हे सगळे त्याच्या डोक्यात पक्के असते. मात्र वरून परिपत्रक आले की त्याचा चष्मा नेमका घरी राहिलेला असतो. ‘तुम्हीच वाचा ना जरा मोठ्याने,’ असे तो शेजारच्याला सांगतो. नोंदवही लिहायची वेळ आली की त्याला तेव्हाच बँकेत जायचे असते. वर्षानुवर्षे हे बेमालूम चालते. मग संगणक येतो, व्हॉट्सअ‍ॅपवर सूचना येऊ लागतात, प्रत्येक कामाला मोबाइलचे अ‍ॅप येते, आणि बोलण्यात हुशार असलेल्या या माणसावर ‘कामचुकार’ असा शिक्का बसतो.

अशा प्रत्येकाला डिस्लेक्सिया असतो असे नाही. पण काहींना तो असतो, आणि त्यांना स्वतःलाही ते ठाऊक नसते.

डिस्लेक्सिया म्हणजे बुद्धी कमी असणे नव्हे, आणि डोळ्यांचा दोषही नव्हे. बोललेल्या शब्दातले सुटे ध्वनी ओळखणे आणि ते लिखित खुणांशी झटकन जोडणे, ही मेंदूची क्रिया यात अडखळते. वेगवेगळ्या अंदाजांनुसार शंभरातल्या पाच ते दहा जणांना कमी-अधिक प्रमाणात हा त्रास असतो. तो घराण्यात चालत येतो. वय वाढले म्हणून तो जात नाही, फक्त माणूस तो लपवायला शिकतो. १८९६ मध्ये प्रिंगल मॉर्गन या इंग्रज डॉक्टरने १४ वर्षांच्या एका मुलाची हकीकत वैद्यकीय नियतकालिकात लिहिली होती. मुलगा चुणचुणीत होता, पण त्याला स्वतःचे नावही धड लिहिता येत नसे. सगळे शिक्षण तोंडी असते तर तो शाळेतला सर्वांत हुशार मुलगा ठरला असता, असे त्याच्या शिक्षकाचे मत होते. सव्वाशे वर्षांनंतरही कार्यालयातल्या डिस्लेक्सियाचे याहून नेमके वर्णन सापडणे कठीण आहे.

मराठीत ही अडचण वेगळ्या रूपात दिसते. इंग्रजीत स्पेलिंग आणि उच्चार यांचा मेळ नसल्याने चुका ढळढळीत असतात. देवनागरी बरीचशी उच्चाराप्रमाणे चालते, म्हणून मोठेपणी माणूस वाचतो बरोबर, पण फार सावकाश. ‘किती’ म्हणताना आधी ‘क’चा ध्वनी येतो, कागदावर मात्र वेलांटी क च्या आधी दिसते. ‘कर्म’ आणि ‘क्रम’ यांत तोच र एकदा डोक्यावर बसतो, एकदा पायाशी. जोडाक्षरांची तर गणतीच नाही. आपल्याकडे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका सगळेच करत असल्यामुळे ‘शुद्धलेखन कच्चे’ या एका शेऱ्याखाली खरी अडचण झाकली जाते. इटालियन, फ्रेंच आणि इंग्रजी बोलणाऱ्या प्रौढांची २००१ मध्ये प्रसिद्ध झालेली एक तुलना इथे उपयोगी आहे. इटालियन लिपी सोपी, म्हणून डिस्लेक्सिया असलेले इटालियन इतरांपेक्षा बरे वाचत होते. मेंदूच्या डाव्या भागातली वाचनाच्या वेळची क्रिया मात्र तिन्ही भाषिकांत सारखीच कमी आढळली. लिपी सोपी असली की त्रास कमी दिसतो, नाहीसा होत नाही. आणि पाथर्डीतल्या कर्मचाऱ्याला एका लिपीत वाचून भागत नाही. नोंदवही मराठीत, संगणकाचा पडदा इंग्रजीत, असा त्याचा दिवस असतो.

या तालुक्यात आणखी एक गुंता आहे. इथली हजारो कुटुंबे दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला बाहेर पडतात आणि उन्हाळा लागला की परततात. त्यांच्याबरोबर गेलेल्या मुलांची शाळा दर वर्षी अर्धी बुडते. आज तिशी-चाळिशीत असलेल्या एखाद्या शिपायाला किंवा गोदामातल्या कारकुनाला अडखळत वाचताना पाहून डिस्लेक्सियाचे निदान करणे म्हणूनच घाईचे ठरेल. शाळा बुडाल्याने राहिलेले वाचन सरावाने सुधारत जाते. डिस्लेक्सियात नीट शाळा आणि भरपूर सराव होऊनही वेग वाढत नाही. शिवाय घरात वडील, काका, मुलगा अशी त्याच तक्रारीची ओळ दिसते. दोन्ही गोष्टी एकाच माणसात असू शकतात, आणि तेव्हा प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञाशिवाय उलगडा होत नाही. मराठीतून डिस्लेक्सिया तपासण्याची ‘डाली’ ही साधने राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने तयार केली, पण तीही लहान मुलांसाठीच.

मोठी माणसे मागे राहिली ती अशी. महाराष्ट्रात १९९६ पासून अध्ययन अक्षमता असलेल्या विद्यार्थ्यांना परीक्षेत जादा वेळेसारख्या सवलती मिळू लागल्या. त्याच वर्षी मुंबईत महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन उभी राहिली. २००७ च्या ‘तारे जमीं पर’ने हा शब्द घराघरांत नेला. तरीही आपल्या डोळ्यांसमोर डिस्लेक्सिया म्हटले की आठ-नऊ वर्षांचे मूलच येते. त्या सवलती घेऊन दहावी झालेली पहिली मुले आज चाळिशी ओलांडून गेली आहेत, आणि नोकरीत जादा पंधरा मिनिटे मागायची कुणाकडे, हे त्यांना कुणी सांगितलेले नाही. पाथर्डीसारख्या गावात तर ते निदानही बहुतेकांपर्यंत पोहोचले नव्हते.

न सांगण्याची किंमत किती असते, हे लंडनमधल्या एका प्रकरणात दिसले. कॉफी विकणाऱ्या एका मोठ्या साखळीतल्या पर्यवेक्षक महिलेवर शीतकपाटाचे आणि पाण्याचे तापमान ठरावीक वेळी तक्त्यात लिहिण्याची जबाबदारी होती. नोंदी चुकल्या आणि तिच्यावर खोटी कागदपत्रे केल्याचा ठपका आला. डिस्लेक्सिया असल्याचे तिने आधीच सांगितले होते. कामगार न्यायाधिकरणाने निकाल तिच्या बाजूने दिला. आपल्याकडच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातही लशींच्या शीतपेटीचे तापमान दिवसातून दोनदा वहीत उतरवले जाते. अंकांची अदलाबदल झाली तर तिथे कुणाच्या मनात आधी काय येईल, अडचण की लबाडी?

उपाय खर्चिक नाहीत, हेच या विषयातले सर्वांत बरे. सूचना लेखी दिली की तीच तोंडी सांगायची, किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर लांबलचक मजकुराऐवजी ध्वनिसंदेश पाठवायचा. बहुतेक स्मार्टफोनवर मराठी बोलून लिहिता येते आणि आलेला मजकूर ऐकताही येतो. ते कसे करायचे, हे कुणीतरी एकदा शेजारी बसून दाखवावे लागते, इतकेच. खाते क्रमांक, औषधाची मात्रा, तापमान यांसारखे आकडे दुसऱ्याने एकदा वाचून ताडून घ्यायचे. हा नियम एकट्यासाठी न करता सगळ्यांसाठी केला तर कुणाकडे बोट दाखवले जात नाही, आणि चुका इतरांच्याही सापडतात. बैठकीत ऐनवेळी कागद हातात देऊन ‘वाचून दाखवा’ म्हणणे मात्र टाळावे. कागद आदल्या दिवशी मिळाला तर तोच माणूस त्यावर उत्तम बोलू शकतो.

बाजारात डिस्लेक्सियासाठी म्हणून खास अक्षरवळणे आणि रंगीत चष्मे मिळतात. त्यांचा खात्रीशीर फायदा अभ्यासांत दिसलेला नाही, त्यावर पैसे घालू नयेत. अक्षर थोडे मोठे आणि ओळींत मोकळी जागा, एवढ्यानेही काहींना वाचणे सोपे जाते. डिस्लेक्सिया असलेली माणसे जात्याच प्रतिभावान असतात, ही लोकप्रिय समजूतही बाजूला ठेवलेली बरी. २०१७ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळालेले जाक दुबोशे यांना डिस्लेक्सिया होता, हे खरे. पण नीट वागणूक मिळण्यासाठी पाथर्डीतल्या कारकुनाला नोबेल मिळवावे लागू नये.

कायदा इथे बराच पुढे आहे. १९९५ च्या अपंग कायद्यात अध्ययन अक्षमतेचा उल्लेखच नव्हता. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मानले, त्यात ती आली. सरकारी कार्यालयांवर कर्मचाऱ्यासाठी वाजवी सोय करण्याचे बंधन आहे. खासगी आस्थापनांनाही समान संधी धोरण जाहीर करावे लागते, आणि कायद्याच्या व्याख्येत कंपनी, कारखान्याबरोबर सहकारी संस्थाही स्पष्ट शब्दांत आहे. म्हणजे साखर कारखाना, पतसंस्था, दूध संघ यांतले कुणी सुटत नाही. नोकरीतल्या राखीव जागेसाठी ४० टक्के दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र लागते. सोयीसाठी तशी अट नाही. लिहिताना हात आखडण्याचा विकार असलेल्या एका उमेदवाराला लेखनिक नाकारला गेला होता. २०२१ मध्ये त्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की ही सोय केवळ ४० टक्क्यांच्या वरच्यांपुरती ठेवता येणार नाही, प्रत्येकाची गरज पाहून ठरवावी लागेल.

सुरुवात साहेबाने करायची असते, कर्मचाऱ्याने नव्हे. चारचौघांत ‘तुम्हाला वाचता येत नाही का?’ असे विचारले तर उत्तर पुन्हा चष्म्याचेच येईल. एकट्याला बसवून, चहा घेत घेत, ‘दादा, यातले कोणते काम सर्वांत वेळखाऊ वाटते?’ एवढे विचारून पाहावे.