कॉफीची चव कोठें तयार होते?

पाहुणा आला असतां दुधांत कॉफीची पूड व साखर उकळून वर जायफळ उगाळावयाचें, असा अनेक मराठी घरांत परिपाठ आहे. ही कॉफी रुचकर लागते, यांत शंका नाहीं; परंतु तींत वास येतो तो मुख्यतः जायफळाचा. कॉफीचा स्वतःचा वास कोठें गेला, याचा विचार निदान आपण शेतकऱ्यांनीं तरी केला पाहिजे.

दक्षिणेंत, विशेषतः तामिळनाडूंत व कर्नाटकांत, पूड सहसा उकळीत नाहींत. तेथें एकावर एक बसणारीं दोन पितळी किंवा पोलादी भांडीं असतात. वरच्याच्या तळास बारीक छिद्रें असतात. त्यांत पूड घालून ती हलकेंच दाबतात, वर कढत पाणी ओतून झांकण ठेवतात. अर्क सावकाश, थेंबाथेंबानें खालीं उतरतो. त्यांत तापलेलें ताजें दूध व साखर मिसळून पेला आणि वाटी यांत तो उंचावरून खालींवर करतात. त्यानें साखर विरघळते, फेंस येतो आणि कॉफी ओठांस सोसेल इतकी निवते. पूड फार वेळ उकळल्यास कडू अंश अधिक उतरतो व सुगंध वाफेबरोबर निघून जातो. या रिवाजाचें मर्म एवढेंच.

तथापि चव केवळ चुलीपाशीं तयार होत नाहीं. बाबा बुदन यांनीं सतराव्या शतकांत येमेनहून सात बिया आणून चिकमगळूरच्या डोंगरांत लावल्या, अशी परंपरा सांगते. आज आपल्या महाराष्ट्रांतहि चिखलदऱ्यास कॉफी होते. हिचीं फळें पिकल्यावर लाल होतात, परंतु सर्व एकदम पिकत नाहींत. म्हणून कापसाप्रमाणें अनेक वेचण्या कराव्या लागतात. मजुरी वाचविण्यासाठीं हिरवीं फळेंहि ओरबाडलीं, तर पेल्यांत तुरटपणा येतो व तो पुढें कोणत्याहि युक्तीनें पुरता जात नाहीं. वाळविलेल्या बियांस कॉफीचा परिचित वास नसतो. तो भाजल्यावर येतो, आणि दळलेल्या पुडींतून लवकर उडतो.

राहतां राहिली चिकोरी. हें एक कंदमूळ असून त्याची लागवड गुजराथेंत होते. भाजलेल्या चिकोरीनें रंग व दाटपणा येतो, म्हणून कित्येकांस ती आवडते; पण तींत कॉफीचा सुगंध नाहीं. भारतीय नियमानुसार कॉफी-चिकोरीच्या मिश्रणांत शेंकडा 49 पर्यंत चिकोरी चालते. मात्र तिचें प्रमाण वेष्टनावर छापावें लागतें. आवडीनें घेतल्यास त्यांत फसवणूक नाहीं. परंतु न वाचतां घेणारा कॉफीचें मोल देऊन अर्धीअधिक नव्हे तरी जवळजवळ अर्धी चिकोरी घरीं नेतो, आणि लाल फळ निवडून वेचणाऱ्या बागाईतदाराचें श्रमहि वायां जातात.

यास्तव आमची सूचना इतकीच कीं, वेष्टन वाचावें, ताजी पूड थोडी थोडी आणावी, आणि एकदां तरी जायफळावांचून कॉफी पिऊन पाहावी. आपल्या मालाची पारख ग्राहकानें करावी असें आपणांस वाटतें. तर दुसऱ्याच्या मालाची पारख आपणहि केली पाहिजे.